ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी होती, पंचनाम्यात मात्र ‘पार्क केलेली’ लिहिलंय. कायद्यात या शब्दांचा अर्थ काय होतो?

कृष्णाकाठ (ता. पलूस, जि. सांगली)

नमस्कार. थोडं लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून लिहिते.

आमचा घरचा ट्रॅक्टर आहे, मागं दोन ट्रॉल्या. हंगामात आमच्याच फडातला ऊस आप्पा आणि आमचा ड्रायव्हर कारखान्याला नेतात. जानेवारीत एका रात्री साडेनऊच्या सुमाराला भरल्या गाडीत मागच्या ट्रॉलीचं डावं टायर बसलं. तिथं साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली आहे. भरलेली ट्रॉली खाली उतरवली असती तर कलंडली असती, म्हणून डांबराची कड धरूनच उभी केली. ड्रायव्हरनं जॅक लावून चाक काढलं आणि एकाच्या मोटरसायकलवर टाकून दोन किलोमीटरवरच्या पंक्चरच्या दुकानात गेला. आप्पा गाडीजवळ थांबले. त्यांनी मागं वीस-पंचवीस पावलांवर दगड मांडले, बाभळीची फांदी आडवी टाकली आणि येणाऱ्याला मोबाईलची बॅटरी दाखवत उभे राहिले.

एक गोष्ट लपवत नाही. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला लाल रेडियमची पट्टी आहे, पण त्या दिवशी जनावरांसाठी वाड्याच्या (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या) दोन पेंढ्या मागं बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन बघितलं. पाती फाळक्यावरून खाली लोंबत होती आणि रेडियम जेमतेम दोन बोटं दिसत होतं.

दहाच्या आसपास मागून एक मोटरसायकल आली आणि ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यावर धडकली. वीस वर्षांचा मुलगा. मांडीचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं, आत सळई घातली आहे. आप्पा दोनदा जाऊन बघून आले. घरी आले की जेवत नाहीत. “आपल्या धाकट्याएवढं पोर आहे” एवढंच म्हणतात.

आता कागदांचं. पंचनाम्यात लिहिलंय, ‘ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर धोकादायकरीत्या पार्क केलेली’. आप्पांना या एका शब्दाचा फार त्रास होतोय. ते म्हणतात, पार्क म्हणजे आपण मुद्दाम लावून कुठं चहाला गेलो असं झालं. आम्ही पार्क केली नव्हती, ती बंद पडली होती. दुसरीकडून विमावाल्यांचा माणूस फोनवर म्हणाला, “गाडी चालू नव्हती म्हणजे वापरात नव्हती, मग आमचा काय संबंध?” भावकीतले एक जण सांगतात की हेच धरून ठेवा, गाडी वापरातच नव्हती म्हणा, म्हणजे तुमच्यावर काहीच येणार नाही.

आणि अजून एक गाठ आहे. मागची ट्रॉली आप्पांनी दोन वर्षांपूर्वी वाळव्याच्या चुलतभावाकडून घेतली. पैसे दिले, स्टॅम्पपेपर केला, नोटरी झाली. आरसी बुकावर नाव अजून चुलतभावाचंच आहे. मग मालक कोण? त्या वेळी सीटवर कुणी नव्हतं, मग चालक कोण?

रोज तोंडात असलेले शब्द आहेत हे, आणि प्रत्येकाचा अर्थ जो तो आपल्या सोयीचा सांगतोय. ज्याला खरंच माहीत आहे त्यानं सांगावं.

मिरज रोड

ताई, काळजी करू नका. उभ्या गाडीला मागून धडकला तर चूक धडकणाऱ्याचीच, हा सरळ नियम आहे. आणि ट्रॉलीला इंजिनच नाही, ती मुळात वाहनात धरतच नाहीत. विमावाला बरोबर बोलतोय, तेच धरून ठेवा.

कोर्टाची पायरी (सातारा)

वरच्या उत्तरातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. ती कोर्टात कुणी मांडली तर या घराचं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो. मी साताऱ्यात मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलांकडे एकतीस वर्षं कारकून होतो. वकील नाही. पण हे शब्द रोज हातांखालून गेले आहेत.

आधी ट्रॉली. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम २ मध्ये शब्दांच्या व्याख्या आहेत, आणि ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे इंजिन नसलं तरी ट्रॉली कायद्यानं वाहनच. म्हणून तर तिचा वेगळा नंबर असतो. गंमत बघा, त्याच कलमात ट्रॅक्टरची व्याख्या आहे, ‘जे स्वतः भार वाहण्यासाठी बनवलेलं नाही असं वाहन’. ओझं ट्रॉलीचं, ओढणं ट्रॅक्टरचं. तुमच्या ड्रायव्हरकडे ट्रॅक्टरचं लायसन असेल आणि कुणी म्हणालं की मागं ट्रॉली जोडल्यावर ते चालत नाही, तर त्यालाही उत्तर आहे. ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निकामी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं आहे.

आता ‘वापर’. हा शब्द नीट समजून घ्या ताई, कारण तुमचं सगळं यावर उभं आहे.

आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. २९ ऑक्टोबर १९८७, पहाटे तीनची वेळ. पुणे-बंगळूर रस्ता, तेव्हाचा चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. खंबाटकी उतरून सुरूर मागं टाकलं की कवठे लागतं, त्या कवठ्याजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्ता सोडून वीसेक फुटांवर डाव्या कुशीवर पडला. पेट्रोल गळत राहिलं, खोलगट जागेत साचलं. उजाडल्यावर माणसं जमली. सव्वासातच्या सुमाराला स्फोट झाला आणि जमलेल्यांतले कितीतरी भाजले, काही दगावले. गेलेल्यांत अठरा-वीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईनं दावा केला.

समोरच्यांचं म्हणणं काय होतं? तुमच्या विमावाल्याचंच. टँकर चार तास आडवा पडलेला, इंजिन बंद, चाकं वर. हा कसला ‘वाहनाचा वापर’? टक्कर पहाटे झाली, स्फोट सकाळी झाला, दोन्हींचा संबंध नाही.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ मध्ये निकाल आईच्या बाजूनं लागला. न्यायालयानं सांगितलं की ‘वापर’ म्हणजे फक्त चालत्या गाडीचा वापर नव्हे. गाडी उभी असेल, नादुरुस्त होऊन बंद पडली असेल, अपघातानं जागची हलत नसेल, तरी ती वापरातच असू शकते. दुसरं, कायद्यातले शब्द ‘वापरातून उद्भवलेला’ असे आहेत. ते ‘वापरामुळे थेट घडलेला’ यापेक्षा रुंद आहेत. मधे चार तास गेले म्हणून धागा तुटत नाही.

कुशीवर पडलेला टँकर वापरात धरला, तर कारखान्याच्या वाटेवर पंक्चर झालेली तुमची भरली ट्रॉली वापरात नाही असं कोण म्हणेल?

आता भावकीतल्या माणसाचा सल्ला पुन्हा वाचा. ‘वापरात नव्हती म्हणा, म्हणजे सुटाल.’ थर्ड पार्टी विमा उतरवलेला असतो तो ‘सार्वजनिक जागी वाहनाच्या वापरातून’ होणाऱ्या हानीसाठी. पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे तो मिरजेत पडलेला मुलगा. लोक थर्ड पार्टी म्हणजे स्वस्तातला विमा समजतात. खरं तर तो त्या अनोळखी तिसऱ्या माणसासाठीच कायद्यानं सक्तीचा केलेला आहे. आप्पांनी सहीनिशी ‘गाडी वापरात नव्हती’ असं लिहून दिलं तर विमा कंपनी हात झटकायला मोकळी होईल. मग उरतील ते फक्त आप्पा आणि तो मुलगा. ज्या शब्दाशी तुम्ही भांडताय तो शब्दच तुमची आणि त्या पोराची ढाल आहे.

‘पार्क’ या शब्दावर जीव काढू नका असं आप्पांना सांगा. उभ्या वाहनासाठीचं मुख्य कलम १२२ आहे आणि त्याचा भर पार्किंग या शब्दावर नाही. ताब्यात असलेल्या माणसानं वाहन ‘किंवा कोणताही ट्रेलर’ सार्वजनिक जागी अशा जागेवर, अशा स्थितीत किंवा अशा परिस्थितीत सोडू नये वा उभा राहू देऊ नये की ज्यानं इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल. मुद्दाम लावली की बंद पडली, यापेक्षा प्रश्न हा विचारला जातो की उभी राहिल्यावर तुम्ही काय केलंत. चालक कोण याचंही उत्तर यातच आहे. सीट रिकामी असली तरी गाडी ‘ताब्यात असलेला माणूस’ तिथं होता, आणि ते आप्पा होते. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ पोलीस लावतात ते सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा केल्याबद्दल, त्यात पाच हजारांपर्यंत दंड आहे. तिथंही गाडी चालू असण्याची अट नाही.

म्हणून पंक्चरवाल्याचा जबाब, किती वाजता चाक आणलं ते, जॅक आणि काढलेलं चाक, दगड, फांदी, हे सगळं वकिलांना सांगा. ती फुटलेली ट्यूब टाकून देऊ नका. आणि वाड्याच्या पेंढीचंही सांगा. आपल्याच वकिलापासून लपवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर येते तेव्हा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी फार वेळा बघितलंय. ‘मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच’ असा काही नियम नाही. दोघांचा निष्काळजीपणा किती, त्याची वाटणी हे दावे चालवणारं न्यायाधिकरण पुराव्यावर करतं.

मालकाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. पैसे कुणी दिले, स्टॅम्पपेपर कुणाकडे आहे यानं ते बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं आहे. तिथं तर गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी जबाबदारी बुकावर नाव असलेल्यावरच आली. तेव्हा मागच्या ट्रॉलीपुरते मालक तुमचे चुलते ठरतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. चुलत्यांना आजच फोन करून सांगा, नोटीस त्यांच्या दारात गेल्यावर नको.

कृष्णाकाठ

काका, तुमचं उत्तर आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टँकरच्या गोष्टीला ते म्हणाले, “मला आठवतंय ते, पेपरात आलं होतं.” मग बराच वेळ गप्प बसले.

विमा कंपनीला द्यायचा अर्ज लिहून तयार होता, ‘वाहन वापरात नसताना’ अशीच सुरुवात होती. तो फाडला. वाळव्याच्या काकांना फोन केला. ते आधी चिडले, साहजिक आहे. मग म्हणाले उद्या येतो.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आता लगेच ट्रॉली नावावर करून घेतली तर चालेल का? आणि त्या मुलाच्या घरच्यांना काही करायचं असेल तर त्यांना मुदत वगैरे असते का? त्याचे वडील गवंडीकाम करतात, त्यांना कुणी काही सांगितलेलं दिसत नाही.

डबल ट्रॉली (आष्टा)

मी गेली बावीस वर्षं ऊस वाहतूक करतोय. ताई, तुमच्या आप्पांनी दगड मांडले ते आम्ही सगळेच मांडतो, पण खरं सांगतो, रात्री दगड कुणाला दिसत नाही. समोरून लाइट आला की मोटरसायकलवाल्याला फक्त काळा डोंगर दिसतो. उलट गाडी निघून गेल्यावर दगड तिथंच राहतात आणि दुसराच कुणी त्यावर पडतो. मी आता सीटखाली लाल चमकणारे दोन त्रिकोण ठेवतो. एक पन्नास पावलांवर आणि एक गाडीजवळ. वाडं मागं बांधायचं मी बंद केलं, पुढच्या ट्रॉलीत टाकतो. फाळक्यावरची धूळ रोज फडक्यानं पुसतो. चिखल बसला की रेडियम असून नसल्यासारखं.

साताऱ्याच्या काकांना माझा एक प्रश्न. मागच्या हंगामात एका कारखान्याच्या यार्डात नंबरला गाड्या लागल्या होत्या. एक ट्रॅक्टर मागं घेताना आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावरून चाक गेलं, दोन बोटं मोडली. तिथं सांगितलं की हे खासगी आवार आहे, फाटकावर वॉचमन आहे, हा रस्ता नाही, इथं विमा लागू नाही. आणि दोन बोटं म्हणजे काही गंभीर दुखापत नाही. तो गडी बीडकडचा, हंगाम संपल्यावर निघून गेला. माझ्या मनातून ते जात नाही.

कोर्टाची पायरी

डबल ट्रॉलीवाले दादा, त्या गड्याला दोन्ही गोष्टी चुकीच्या सांगितल्या.

‘सार्वजनिक जागा’ म्हणजे सरकारी रस्ता एवढाच अर्थ नाही. व्याख्येत रस्ता, गल्ली, वाट ‘किंवा इतर जागा’ असं आहे, मग ती आरपार जाणारी असो वा नसो. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९८८ मध्ये याचा अर्थ फार मोकळा लावला. लोकांना जिथं जाता येतं ती जागा, मग हक्कानं जाता येत असो की परवानगीनं, फाटक असो की पहारा, विम्याच्या कामासाठी ती सार्वजनिक जागा होऊ शकते. यार्डात रोज शेकडो गाड्या, टोळ्या, शेतकरी येतात. वॉचमन आहे एवढ्यानं ती जागा कायद्याबाहेर जात नाही.

आणि ‘गंभीर दुखापत’ हा बोलण्यातला शब्द नाही. फौजदारी कायद्यात तिचे प्रकार मोजून दिलेले आहेत, त्यात हाड मोडणं किंवा निखळणं आहे, दातसुद्धा आहे. बोटाचं हाड मोडलं तरी ती गंभीर दुखापत. मोटार वाहन कायदाही तोच अर्थ घेतो. कुणाची चूक हे सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई कलम १६४ मध्ये आहे. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कवठ्याच्या वेळी जुन्या कायद्यात मृत्यूला ही रक्कम पंधरा हजार होती.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की ट्रॉली नावावर जरूर करून घ्या, पण आजच्या तारखेनं. अपघाताच्या दिवशी मालक कोण हे त्या दिवशीच्या बुकावरूनच ठरणार. मागची तारीख टाकून कुणी कागद करून देतो म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका. पॉलिसी काढून बघा, तिच्यात दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर आहेत का आणि वापर कशासाठी लिहिलाय. ऊस तुमच्याच फडातला होता, तर सातबारा आणि कारखान्याची त्या दिवशीची पावती सोबत ठेवा.

मुदत आहे. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. जानेवारीचा अपघात म्हणजे जुलै उजाडायच्या आत. दावा जिथं अपघात झाला तिथंच करावा लागतो असं नाही, मुलगा राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. ऑपरेशनची बिलं, एक्स-रे, दवाखान्याचे सगळे कागद त्यांनी एका पिशवीत ठेवावेत. चूक कुणाची हे न काढता अडीच लाखांच्या वाटेनं जायचं की चूक सिद्ध करून जास्त मागायचं, हे त्यांच्या वकिलानं ठरवावं. तुमच्या वकिलानं नव्हे. हे त्यांना जरूर सांगा.

पोवई नाका

विषय थोडा वेगळा आहे पण शब्दांचाच आहे म्हणून विचारतो. पाटीवर गोलात एक तिरकी रेघ असते आणि काही ठिकाणी फुली असते. मी दोन्हीला नो पार्किंगच समजत होतो. परवा बायकोला उतरवायला मिनिटभर थांबलो तर पावती हातात.

कोर्टाची पायरी

निळ्या गोलात एक लाल रेघ म्हणजे वाहन लावून ठेवायला मनाई. माणूस उतरवून लगेच निघालात तर हरकत नाही. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाच मनाई, उतरवायलासुद्धा. पुढच्या वेळी पाटी नीट बघा, रेघ एक की दोन. अजून एक, मनाईच्या जागी लावलेली गाडी पोलीस लगेच हलवू शकतात. एरवी बेवारस सोडलेली गाडी हलवायला कलम १२७ मध्ये दहा तासांची मर्यादा आहे, पण ती रहदारीला धोका होत असेल तर तेवढं थांबावं लागत नाही.

कृष्णाकाठ

काल आप्पा आणि मी मिरजेला गेलो होतो. मुलाच्या वडिलांना सहा महिन्यांचं सांगितलं, कागद एकत्र ठेवायला सांगितले, आणि वकील तुमचा तुम्ही बघा असंही सांगितलं. ते आधी जरा घुटमळले. आम्ही स्वतःविरुद्धच का सांगतोय असं त्यांना वाटलं असणार. आप्पांनी त्यांना विम्याचं समजावलं, काकांनी लिहिलंय तसंच, तिसरा पक्ष म्हणजे तुमचा मुलगा. मुलगा वॉकर धरून दारापर्यंत आला होता.

पॉलिसी सापडली. पुढच्या ट्रॉलीचा नंबर आहे, मागच्या ट्रॉलीचा नाही. सोमवारी वकिलांकडे जातोय, वाळव्याचे काका सोबत येणार आहेत. येताना सांगलीत चार त्रिकोण घेतले, दोन आमच्या ट्रॅक्टरला आणि दोन वाळव्याच्या काकांच्या.